विश्लेषण : तुरीच्या भावात आफ्रिकेतल्या शेजाऱ्यांचे भांडण कुठून आले?

शिर्डी : साईप्रसादालयात रोज हजारो भाविकांच्या ताटात वरण पडते. बाहेर नगर-मनमाड रस्त्यावरच्या हॉटेलांत दाल फ्राय आणि दाल तडका यांच्या ऑर्डरी रात्री उशिरापर्यंत सुरू असतात. तूरडाळ विकत घेणाऱ्यांचे हे गाव. याच जिल्ह्यात शेवगाव, पाथर्डी, नेवासा भागातले शेतकरी तूर पिकवतात आणि गेल्या हंगामात हमीभावाच्या खाली विकून मोकळे झाले. भाव का पडला, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते, ‘परदेशातून तूर आली.’

हा परदेश नेमका कोणता? मुंबईच्या किंवा लातूरच्या व्यापाऱ्याचे दरपत्रक मोबाइलवर उघडून पाहा. तुरीपुढे लेमन, अरुषा, मटवारा, गजरी अशी नावे दिसतील. लेमन म्यानमारची. अरुषा हे टांझानियातले शहर आणि मटवारा म्हणजे त्याच देशातले म्त्वारा बंदर. गजरी मोझांबिकची. त्याखाली मलावीची तूर आणि कधीकधी युद्धात होरपळणाऱ्या सुदानचीही असते. टांझानिया, मोझांबिक आणि मलावी हे तिन्ही देश एकमेकांना खेटून आहेत. तिघांत जुने हिशेब आहेत आणि अलीकडे कोण कोणाच्या बाजूला, हे दर काही महिन्यांनी बदलते आहे.

तूर आफ्रिकेतून का येते?

देशाला वर्षाला साधारण ४५ लाख टन तूर लागते. उत्पादन मात्र अलीकडच्या वर्षांत ३५ लाख टनांच्या आसपासच राहिले आहे. उरलेली बाहेरून आणावी लागते आणि जगात तूर विकायला असणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. वाटाणा किंवा मसूर हवी असेल तर कॅनडा, रशिया, ऑस्ट्रेलिया आहेत. तुरीचे तसे नाही. म्यानमार आणि पूर्व आफ्रिका सोडली तर जाणार कुठे?

आफ्रिकेत तूर पोहोचली ती भारतातूनच, हजारो वर्षांपूर्वी. स्वाहिलीत तिला ‘म्बाझी’ म्हणतात, मलावीत ‘नांदोलो’. केनिया-टांझानियाच्या किनाऱ्यावर नारळाच्या दुधात शिजवलेली तूर नाश्त्याला खातात. पण विक्रीसाठी पिकणारा बहुतेक माल भारताकडे बघूनच पेरला जातो. तिथल्या लहान शेतकऱ्याला भारताखेरीज दुसरे मोठे गिऱ्हाईक नाही आणि आपल्याला दुसरे मोठे दुकान नाही.

हंगामाचे गणितही लक्षात घ्यावे लागेल. महाराष्ट्रात तूर जून-जुलैत पेरली जाते आणि डिसेंबर अखेरपासून बाजारात येते. विषुववृत्ताच्या पलीकडे ऋतू उलटे असल्याने मलावी आणि मोझांबिकमध्ये पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहिल्या पावसावर होते आणि काढणी जुलैपासून पुढे. तो माल ऑगस्टपासून न्हावाशेवा आणि चेन्नई बंदरांत उतरू लागतो. म्हणजे आपला साठा तळाला गेलेला असतो तेव्हा आफ्रिकेची तूर येते आणि ती संपायच्या आत आपली नवी तूर आडतीवर पोहोचते. बोटी वेळेवर आल्या तर दिवाळीत डाळ आवाक्यात राहते. बोटी रखडल्या तर आधी गिऱ्हाइकाला चटका बसतो आणि उशिरा आलेला माल ऐन काढणीत शेतकऱ्याच्या डोक्यावर बसतो.

मलावीचा जीव दोन शेजाऱ्यांच्या हातात

मलावीला समुद्र नाही. दक्षिणेकडे, जिथे तिची बहुतेक तूर पिकते, तिथे मोझांबिकने तिला तीन बाजूंनी वेढले आहे. जवळची बंदरे नाकाला आणि बेइरा, दोन्ही मोझांबिकची. तिसरा रस्ता उत्तरेकडून टांझानियाच्या दार-ए-सलामला जातो. निर्यातीचे प्रत्येक पोते कोणत्या तरी शेजाऱ्याच्या परवानगीने समुद्र बघते.

आणि दोन्ही शेजाऱ्यांशी मलावीचे वाकडे आहे, ते आजचे नाही.

टांझानियाशी वाद सरोवराचा आहे. आफ्रिकेतल्या या तिसऱ्या मोठ्या सरोवराचे नावसुद्धा तिन्ही देशांत एक नाही. मलावीत ते लेक मलावी, टांझानियात न्यासा, मोझांबिकमध्ये नियासा. १ जुलै १८९० रोजी ब्रिटन आणि जर्मनीने आपापसांत करार करून आफ्रिकेतल्या सीमा आखल्या. त्या आधारे मलावी म्हणते, टांझानियाच्या बाजूची सीमा थेट तिच्या काठावर आहे, तोवरचे सगळे पाणी आमचे. टांझानियाचे म्हणणे, सीमा पाण्याच्या मध्यातून जायला हवी. मलावीचा दावा शब्दशः मानला तर टांझानियाच्या काठावरचा कोळी होडी पाण्यात लोटताक्षणी परदेशात जातो. हा वाद अनेक वर्षे थंड होता. २०११मध्ये मलावीने सरोवरात तेल शोधायला परवाना दिला आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा पेटला. मध्यस्थीला मोझांबिकचे माजी अध्यक्ष जोआकिम चिसानो यांना बोलावले गेले. तोडगा निघालेला नाही.

मोझांबिकशी तर युद्धापर्यंत गोष्ट गेली होती. १९८०च्या दशकात मोझांबिकमध्ये सरकार आणि ‘रेनामो’ बंडखोर यांच्यात यादवी सुरू होती. मलावीचे हुकूमशहा हेस्टिंग्ज बांडा यांनी तेव्हाच्या वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी राजनैतिक संबंध ठेवले होते, जे शेजारच्या देशांना डोळ्यांत खुपायचे. रेनामोला मलावीच्या भूमीवर आसरा मिळतो, असा मोझांबिकचा आरोप होता. सप्टेंबर १९८६मध्ये मोझांबिकचे अध्यक्ष सामोरा माशेल यांनी सीमा बंद करण्याची आणि सीमेवर क्षेपणास्त्रे लावण्याची धमकी दिली. महिनाभरात, १९ ऑक्टोबरला, विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी मलावीने मोझांबिकच्या हद्दीत सैन्य पाठवले, पण ते लढायला नव्हे. नाकालाच्या रेल्वेमार्गाचे बंडखोरांपासून रक्षण करायला! कारण साधे होते. युद्धामुळे बेइरा आणि नाकालाचे दोन्ही मार्ग ठप्प झाले होते आणि मलावीचा माल फार लांबच्या रस्त्याने दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला न्यावा लागत होता. भाडेच इतके व्हायचे की माल विकून हातात काय उरणार, हा प्रश्न होता.

समुद्राची ही असोशी २०१०मध्ये पुन्हा दिसली. शिरे आणि झांबेझी नद्यांतून थेट हिंदी महासागर गाठायचा, म्हणून मलावीचे अध्यक्ष बिंगु वा मुथारिका यांनी न्सांजे येथे नदीबंदर बांधले. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या देशांच्या अध्यक्षांना बोलावून उद्घाटनाचा मोठा सोहळा ठेवला. पहिली बार्ज मात्र पोहोचलीच नाही. नदीचा खालचा भाग मोझांबिकमध्ये येतो. अभ्यास झालेला नाही, परवानगी दिलेली नाही, असे सांगत मोझांबिकने ती वाटेतच अडवली.

खांद्याला खांदा, मग बाजार बंद

आता २०२५. जानेवारीच्या अखेरीस काँगोच्या पूर्वेकडील गोमा शहरावर ‘एम-२३’ बंडखोरांनी कब्जा केला. त्यांना रवांडाचे पाठबळ असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचे अहवाल सांगतात. रवांडा ते नाकारतो. काँगोच्या बाजूने तिथे दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावी या तीन देशांचे सैन्य उभे होते. या लढाईत मलावीचे तीन सैनिक मारले गेले, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेचेही सैनिक पडले. मार्चमध्ये ही मोहीम गुंडाळण्याचा निर्णय झाला.

त्याच मार्चमध्ये मलावीने तांदूळ, मक्याचे पीठ, आले, केळी अशा अनेक वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली. देशी उत्पादकांना संरक्षण हवे, हे एक कारण होते आणि तिजोरीत डॉलर नाहीत, हे दुसरे. फटका बसला टांझानियाच्या शेतकऱ्यांना. टांझानियाचे कृषिमंत्री हुसेन बाशे यांनी आधी मुदत दिली आणि एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात मलावी आणि दक्षिण आफ्रिका या दोन्ही देशांच्या शेतमालाला दारे बंद केली. दक्षिण आफ्रिकेवर राग होता तो टांझानियाच्या केळ्यांवरील जुन्या बंदीचा. तीन महिन्यांपूर्वी गोम्यात एकाच बाजूने गोळ्या झेलणारे हे तिघे आता केळ्या-तांदळावरून एकमेकांच्या गाड्या अडवत होते. तिघेही ‘सॅडक’ या दक्षिण आफ्रिकी देशांच्या गटाचे सदस्य आहेत आणि या गटाने २००८मध्ये मुक्त व्यापार क्षेत्र जाहीर केलेले आहे. कागदावर.

मलावीच्या दृष्टीने खरी भीती शेतमालापेक्षा रस्त्याची होती. तंबाखू, साखर, सोयाबीन हा तिचा माल दार-ए-सलामच्या वाटेने जातो. मोझांबिककडे वळावे, तर तिथे काही महिन्यांपूर्वीच आगडोंब उसळला होता. ९ ऑक्टोबर २०२४च्या निवडणुकीचा निकाल विरोधी उमेदवार व्हेनान्सियो मोंडलाने यांनी फेटाळला, आंदोलने पेटली, गोळीबारात शेकडो जण मेले, रस्ते आणि सीमा बंद पडल्या. डिसेंबरमध्ये हजारो मोझांबिकवासी सीमा ओलांडून मलावीत आसऱ्याला गेले. त्याच महिन्यात ‘चिडो’ चक्रीवादळाने मोझांबिकच्या उत्तर भागाला झोडपले.

टांझानियाची बंदी आठवडा उलटायच्या आत मागे घेतली गेली आणि चर्चेला सुरुवात झाली. तूर काढणीला तेव्हा अजून अवकाश होता, त्यामुळे मुंबईच्या बाजारात परिणाम जाणवायला वेळच मिळाला नाही. हाच तंटा सप्टेंबरमध्ये झाला असता तर गोष्ट वेगळी असती. त्यानंतर दोन्हीकडे निवडणुका झाल्या. सप्टेंबर २०२५मध्ये मलावीत सत्तांतर होऊन पीटर मुथारिका पुन्हा अध्यक्ष झाले. न्सांजेचे बंदर बांधणाऱ्या बिंगु यांचे ते भाऊ. २९ ऑक्टोबरला टांझानियात मतदान झाले. आंदोलन, गोळीबार, संचारबंदी आणि इंटरनेट बंद, या सगळ्यात सामिया सुलुहू हसन ९७ टक्क्यांहून अधिक मतांनी विजयी घोषित झाल्या. शांत देश, शांत बंदर ही टांझानियाची ओळख होती. तिला तेव्हा तडा गेला.

मोझांबिकचा मित्र कोण?

इथे गुंता आणखी वाढतो. मोझांबिकच्या उत्तर टोकाला, टांझानियाच्या सीमेलगत, काबो देल्गादो प्रांत आहे. २०१७पासून तिथे इस्लामी दहशतवाद्यांनी धुमाकूळ घातला आहे. मार्च २०२१मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला आणि शेजारचा मोठा नैसर्गिक वायू प्रकल्प बंद पडला. या प्रकल्पात ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया या भारतीय सरकारी कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. म्हणजे आपल्याला तिथे फक्त डाळीची काळजी नाही.

मदतीला धावला तो रवांडा. जुलै २०२१मध्ये त्याने हजारभर जवान पाठवले, पुढे संख्या वाढवली. सॅडकचे सैन्यही आले, पण ते २०२४मध्ये परतले आणि रवांडाचे राहिले. परिणाम असा की मोझांबिकची सुरक्षा ज्या रवांडावर टेकलेली आहे, त्याच रवांडाच्या पाठबळावर वाढलेल्या बंडखोरांशी मोझांबिकचे शेजारी टांझानिया आणि मलावी काँगोत लढत होते. शत्रूचा शत्रू तो मित्र, हे सूत्र इथे लावायला गेले तर कागद संपेल.

दिल्लीतला एक कागद आणि तिकडची सीमा

या भांडणात भारत बाहेरून बघणारा आहे, असे समजण्याचे कारण नाही. २०१५मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली होती, ते अनेकांना आठवत असेल. त्यानंतर जुलै २०१६मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी मोझांबिकला गेले आणि डाळींच्या खरेदीचा करार झाला. पाच वर्षांत खरेदी वर्षाला २ लाख टनांपर्यंत न्यायची, असे ठरले. मोझांबिकच्या शेतकऱ्याने तूर वाढवली. इकडे चढा भाव पाहून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यानेही वाढवली आणि पाऊस चांगला झाला. २०१६-१७मध्ये देशात ४८ लाख टनांहून अधिक तूर पिकली. ५०५० रुपये हमीभाव असताना बाजारात चार हजारही मिळेनात. खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपला, केंद्रे बंद, हे चित्र राज्याने पाहिले.

मग ५ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने तूर आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. आफ्रिकेत तेव्हा नुकती काढणी होत होती. टांझानिया, मलावी, केनियात भाव कोसळले. मोझांबिकला मात्र कराराचे कवच होते, तिचा माल मर्यादेबाहेर धरला गेला. साहजिकच शेजारची तूर छुप्या वाटांनी मोझांबिकमध्ये शिरून ‘मोझांबिकची’ होऊ लागल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. एका शेजाऱ्याला दार उघडे आणि दुसऱ्याला बंद ठेवले की सीमेवर तस्करी होणारच. तो फरक दिल्लीने निर्माण केला होता.

२०२१मध्ये भारताने चूक काही प्रमाणात सुधारली. मे महिन्यात आयात खुली केली, मोझांबिकचा २ लाख टनांचा करार पाच वर्षांनी वाढवला आणि मलावीलाही वर्षाला ५० हजार टनांचा स्वतंत्र करार दिला. म्यानमारला १ लाख टन. टांझानिया या यादीत नव्हता.

एकाच देशावर विसंबण्याचा धडा २०२३च्या अखेरीस मिळाला. भारतात पाऊस कमी, तुरीचे भाव चढे आणि मोझांबिकमध्ये निर्यातदारांच्या आपसातल्या न्यायालयीन वादात नाकाला बंदरात माल अडकला. भारत सरकारला तिथल्या सरकारकडे विनवण्या कराव्या लागल्या. २०२४मध्ये तूर क्विंटलला दहा हजारांच्या वर राहिली, त्यामागे अनेक कारणे होती. त्यातले हे एक.

मग इथला शेतकरी कुठे उभा आहे?

चढ्या भावाच्या धास्तीने केंद्राने शुल्कमुक्त आयातीची मुदत वाढवत नेली, ती मार्च २०२६पर्यंत. २०२४-२५मध्ये १२ लाख टनांच्या आसपास तूर आली, हा विक्रम होता. त्याच वेळी डिसेंबर २०२३पासून पिवळा वाटाणाही शुल्काविना येत होता. स्वस्त वाटाणा बाजारात असला की सगळ्याच डाळींचा भाव दबतो. देशातले पीकही बरे आले. ७५५० रुपये हमीभाव असलेली तूर बाजारात त्याच्या खाली गेली. २०२५-२६साठी हमीभाव ८००० केला आहे, पण खरेदी केंद्रावर नोंदणी, ओलाव्याची तपासणी आणि पैशांची वाट या तिन्हींतून न जाणारा शेतकरी आडतीवरच विकतो. वाटाण्यावर नोव्हेंबर २०२५पासून ३० टक्के शुल्क लागले. तुरीवर तेव्हा काही नव्हते.

देशाने डाळीत स्वयंपूर्ण व्हावे म्हणून ऑक्टोबर २०२५मध्ये ११,४४० कोटी रुपयांचे अभियान सुरू झाले. तूर, उडीद, मसूर यांवर त्याचा भर आहे. शिर्डीपासून दीड तासावरच्या राहुरीतल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘विपुला’, ‘फुले राजेश्वरी’ असे तुरीचे वाण आधीच दिले आहेत. बियाण्याची अडचण त्यामानाने कमी आहे. अडचण भावाची आहे. सलग दोन वर्षे हमीभावाखाली विकणारा शेतकरी तिसऱ्या वर्षी पाण्याची सोय असेल तर ऊस लावतो. शिर्डीच्या आसपास ते वेगळे सांगायला नको.

शुल्क लावले तर? इथला भाव सावरेल. पण मलावीसारख्या देशाला डॉलर मिळवून देणारी पिके मोजकीच आहेत आणि त्यांत तूर आहे. तिथे डॉलर आटले की आयातबंदी येते, आयातबंदी आली की टांझानिया चिडतो, हे मार्च-एप्रिल २०२५मध्ये दिसलेच आहे. शिवाय म्यानमारमध्ये २०२१पासून लष्करी राजवट आणि यादवी आहे. पाऊस हुकल्यावर तूर मागायला पुन्हा याच देशांच्या दारात जावे लागेल. ठरावीक किमतीच्या खाली आयात झाली तरच शुल्क लागेल, अशी व्यवस्था करता येईल. हंगामानुसार, म्हणजे डिसेंबर ते मार्च शुल्क आणि एरवी सूट, हाही एक मार्ग आहे. दोन्हींत समुद्रापलीकडच्या शेतकऱ्याला निदान आधी कळते.

२०२५-२६मध्ये मात्र तारखाच जुळत नव्हत्या. मोझांबिक आणि मलावीशी झालेले पाच वर्षांचे करार २०२५-२६ या वर्षापर्यंतचे होते. शुल्कमुक्त आयातीचा निर्णयही मार्च २०२६अखेरचा होता. मलावीतल्या शेतकऱ्याची पेरणी तोवर होऊन तीन-चार महिने झालेले असतात आणि पाथर्डीतल्या शेतकऱ्याची तूर तोवर विकून झालेली असते.